डबी एका लॉटची, पेटी दुसऱ्या लॉटची: पॉइंट टूटू काडतुसांच्या खरेदीतली फसवणूक

ही फसवणूक अगदी सभ्यपणे होते. विक्रेता आधी पॉइंट टूटूच्या (०.२२ इंची) ५० काडतुसांची एक डबी चाचणीसाठी देतो. ती डबी आपल्या रायफलमधून ५० मीटरवर सुरेख चालते, दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, १५ मिलिमीटरच्या आत बसतात. मग विक्रेता म्हणतो, माल संपत आलाय, पूर्ण पेटी उचलली तर दर उतरवतो. पेटी म्हणजे ५,००० काडतुसं: ५० च्या दहा डब्यांची एक ब्रिक आणि अशा दहा ब्रिक. पैसे आगाऊ जातात, पेटी येते, आणि तीच रायफल २५-३० मिलिमीटरचे ग्रुप मारायला लागते. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: कंपनी तीच, नाव तेच, डबीचा रंगही तोच, तुमचाच हात बिघडला असेल. नेमबाज बिचारा महिनाभर स्वतःची पोझिशन, स्लिंग आणि ट्रिगर तपासत बसतो. डबीच्या टोकाच्या झडपेवर छापलेला लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) पहिल्या डबीचा वेगळा होता आणि पेटीचा वेगळा, हे लक्षात येईपर्यंत अर्धी पेटी उडालेली असते आणि पहिली डबी कचऱ्यात गेलेली असते.

लॉट बदलल्याने एवढा फरक का पडावा? सेंटरफायर काडतुसात प्रायमर ही बुडाच्या मध्यावर बसवलेली, ठिणगी देणारी वेगळी टोपी असते. पॉइंट टूटू हे रिमफायर काडतूस, त्यात तसं काही नसतं. स्फोटक मिश्रण ओलं असताना पुंगळीत घालून गरागरा फिरवतात, म्हणजे ते बुडाच्या पोकळ कडेत पसरतं. स्ट्रायकर (रायफलमधली ठोका देणारी सुई) ती कड चेपतो आणि काडतूस पेटतं. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं नाही, तर कडेच्या कोणत्या भागावर ठोका पडला त्यानुसार ठिणगीचा जोर बदलतो. आतली दारू टार्गेट काडतुसात ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, त्यामुळे ठिणगीतली एवढीशी कमीजास्तही गोळीच्या वेगात दिसते. त्यात शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. तिची टाच पुंगळीत बसवलेली असते आणि बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. दारूची खेप बदलली, साचा झिजला, पुंगळीचं तोंड गोळीवर दाबणारं यंत्र थोडं ढिलं झालं की तोच माल वेगळा वागतो. सेंटरफायरवाला स्वतः काडतूस भरून यातलं बरंच सावरू शकतो. रिमफायरवाल्याला कारखान्यातून आलेलं आहे तसंच वापरावं लागतं. म्हणून इथे आपण खरं तर कंपनीचं नाव विकत घेत नाही, लॉट विकत घेतो.

आकड्यांत सांगायचं तर टार्गेट काडतुसाचा वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर असतो. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर त्या सुमारे ८ मिलिमीटर वरखाली लागतात आणि १०० मीटरवर जवळपास ३० मिलिमीटर. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. नेमबाजाची काहीही चूक नसताना नुसत्या वेगातल्या फरकाने दहा हुकतो तो असा. कागदावर याची खूण म्हणजे आडवा छोटा आणि उभा लांबट ग्रुप.

दुसरी गोष्ट बॅरलची. एका बॅरलमधून उत्तम चाललेला लॉट त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या शेजारच्या रायफलमधून साधारण चालू शकतो. म्हणून तर ईली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आणि जर्मनीत शोनेबेकला अनुक्रमे अशी सोय ठेवली आहे की नेमबाज आपलं बॅरल घेऊन जातो आणि तिथे वेगवेगळे लॉट त्यातून मारून बघितले जातात. खुद्द कारखाने हे करतात यावरून ओळखावं, की विक्रेत्याने दाखवलेलं 'फॅक्टरी टेस्ट टार्गेट' आपल्यासाठी पुरावा होऊ शकत नाही. ते त्यांच्या चाचणीच्या बॅरलमधलं असतं. टार्गेट खरं असतं, पण ते पाहून पैसे देणं चूक ठरतं.

ग्रुपचे फोटो ही तर फसवणुकीची खाणच आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप नेहमीच देखणा दिसतो. एखाद्या लॉटचा ५ गोळ्यांचा ग्रुप सरासरी १२ मिलिमीटर येत असेल, तर त्याच लॉटचा १० गोळ्यांचा सुमारे १५ येईल आणि ३ गोळ्यांचा सुमारे साडेनऊ. माल तोच, फक्त मोजणी वेगळी. शिवाय दहा ग्रुप मारून त्यातला सर्वांत लहान दाखवायचा, बाहेर गेलेली गोळी 'फ्लायर' म्हणून सोडून द्यायची, ५० मीटरऐवजी ५० यार्डांवर मारायचं, म्हणजे अंतर आपोआप ४५.७ मीटर होतं. फोटो पाठवणाऱ्याला चारच प्रश्न विचारावेत: अंतर किती, गोळ्या किती, सलग किती ग्रुप मारले आणि त्या सगळ्यांची सरासरी काय. चौथ्या प्रश्नाला बगल दिली की व्यवहार तिथेच थांबवावा. फ्लायर सोडून द्यायचा हा प्रकार तर आम्हाला सर्वांत जास्त खटकतो, कारण स्वस्त आणि चांगल्या काडतुसातला खरा फरक त्या फ्लायरमध्येच असतो. स्वस्त मालाच्या दहापैकी आठ गोळ्या एका भोकात जातील, उरलेल्या दोन सामना घालवतात.

डबी महागाची आणि आतला माल स्वस्तातला, हा प्रकार सुट्या विक्रीत आणि हातोहात झालेल्या सौद्यात घडतो. ओळखायला फार कष्ट नाहीत. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का सगळ्या पन्नास काडतुसांवर एकसारखा हवा आणि त्या कंपनीचाच हवा. लेपाचा रंग आणि चिकटपणा सारखा हवा. एकीवर ओलसर ग्रीस आणि दुसरीवर कोरडं मेण दिसलं तर माल मिसळलेला आहे. ट्रेमध्ये पालथी रचलेली काडतुसं आणि सुटी भरलेली काडतुसं यातला फरकही बघावा. मोठ्या 'बल्क' डब्यांत ती शेकड्यांनी सुटी ओतलेली असतात, वाहतुकीत एकमेकांवर आपटतात, शिशाला खळगे पडतात आणि लेप खरवडला जातो. चांगल्या डबीतल्या गोळ्यांच्या टोकावर असे खळगे दिसले तर ती काडतुसं आधी दुसरीकडे लोळून आली आहेत.

'मॅच', 'टार्गेट', 'प्रिसिजन' हे शब्द डबीवर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांच्यामागे एखादी ठरलेली अचूकता नसते. त्याऐवजी वेग वाचावा. 'हाय व्हेलॉसिटी' माल ३६५ ते ३८० मीटरच्या वेगाने निघतो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या (२० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर) वर. पुढे हवेने वेग उतरताना गोळी ती सीमा ओलांडते आणि त्या टप्प्यात डगमगते. ५० मीटर आणि त्यापुढच्या अचूक नेमबाजीसाठी हा माल कितीही सवलतीत मिळाला तरी नको. तसंच ६० ग्रेनची जड गोळी 'जास्त स्थिर' म्हणून गळ्यात मारली जाते. नेहमीच्या पॉइंट टूटू बॅरलचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) १६ इंचांत एक फेरा असतो आणि एवढी लांब गोळी त्याने पुरेशी फिरत नाही. ती कागदाला आडवी लागते, भोक गोल न पडता किल्लीच्या भोकासारखं लांबट पडतं.

'वजन करून निवडलेली' म्हणून चढ्या दराने विकली जाणारी काडतुसं घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. काट्यावर दिसतो तो फरक मुख्यतः शिशाचा आणि पितळेचा असतो. प्रायमर कडेत कसा पसरलाय हे कोणताच काटा सांगत नाही. मध्यम दर्जाच्या मालावर वजनाचा शिक्का मारून वरच्या दर्जाचे पैसे उकळायचा हा धंदा आहे.

जुना साठा नव्याच्या भावात देणारेही असतात. शिशावर पांढरट भुकटी, पितळेवर हिरवट डाग, सुकून तडकलेला लेप ही दमट जागेत पडून राहिल्याची लक्षणं. इथे प्रश्न पैशापुरता राहत नाही. काडतूस पेटलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी अजिबात भरायची नाही. आधीची गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून बॅरल आरपार पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तुटवड्याच्या काळात, जसा २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये अमेरिकेत झाला, बनावट वेबसाइट उगवतात. कुठेच नसलेला लॉट त्यांच्याकडे मात्र भरपूर असतो, तोही निम्म्या दरात. पैसे गिफ्ट कार्डने, क्रिप्टोत किंवा थेट एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागतात. सर्वांत ठळक खूण म्हणजे परवान्याची चौकशीच होत नाही. काडतुसं विकणारा खरा व्यापारी कायद्याने लागणारी कागदपत्रं आधी मागतो, कारण ती न घेता विकलं तर त्याचा स्वतःचा परवाना जातो.

आता खरेदी कशी करावी ते. सुरुवात वरच्या दर्जापासून करू नये. मध्यम दर्जाचे तीन-चार वेगवेगळे लॉट, प्रत्येकी दोन डब्या घ्याव्यात. मध्यम दर्जाचा जुळलेला लॉट वरच्या दर्जाच्या न जुळलेल्या लॉटपेक्षा बहुतेकदा चांगला चालतो, आणि परवडणारं काडतूस सापडतं ते इथेच. काडतूस बदललं की बॅरलमधला जुना लेप जाऊन नवा बसायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या २० ते २५ गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत. यात कंजुषी केली की चांगला लॉट वाईट ठरतो. त्यानंतर रेस्टवरून (रायफल टेकूवर ठेवून), वारा पडलेला असताना, १० गोळ्यांचे निदान चार ग्रुप मारावेत आणि एकही गोळी न सोडता सरासरी काढावी. उरलेल्या काडतुसांचे ग्रुप दुसऱ्या दिवशी मारावेत. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतरही टिपावं. दोन्ही दिवस जो लॉट टिकला तो आपला.

मग विक्रेत्याला फोन करायचा आणि 'तोच माल' असं न म्हणता पूर्ण लॉट नंबर वाचून दाखवायचा. तेवढा साठा आहे का विचारायचं आणि तो बाजूला ठेवायला सांगायचं. बिलावर लॉट नंबर लिहून घ्यायचा. दुसरा लॉट आला तर न उघडलेल्या ब्रिक परत घेतल्या जातील, हे लेखी घ्यायचं. यावर जो विक्रेता कुरकुर करतो त्याच्याकडून पेटी घेऊ नये, डबी घ्यायला हरकत नाही. चाचणीच्या डबीची झडप कापून वहीत, त्या टार्गेटशेजारी चिकटवून ठेवावी.

पेटी आल्यावर आधी बाहेरचा, मग प्रत्येक ब्रिकवरचा नंबर ताडून बघावा आणि फोटो काढावेत. पहिल्या सात-आठ ब्रिक बरोबर आणि तळाच्या दोन भलत्याच, असंही होतं. नंबर जुळले तर वरची, मधली आणि तळाची अशा तीन ब्रिकमधून एकेक डबी काढून ग्रुप मारावेत.

ग्रुप बिघडलेलेच निघाले तर विक्रेत्यावर आरोप करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, कारण त्याही हुबेहूब खराब लॉटसारख्या दिसतात. पहिली, स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू ढिले नाहीत ना. दुसरी, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या तोंडाशी जमणारं कार्बनचं कडं. ते बरंच जाड झालं की गोळी भरतानाच खरवडली जाते, त्यामुळे ब्रश आणि सॉल्व्हंटने ते काढून पुन्हा २०-२५ गोळ्या मारून मगच मोजावं. तिसरी, तापमान. थंडीत लेप घट्ट होतो आणि वेग उतरतो, तेव्हा उन्हात केलेली चाचणी कडाक्याच्या थंडीतल्या ग्रुपशी ताडू नये.

हे सगळं ठीक असूनही नंबर वेगळा निघाला, तर आणखी एकही ब्रिक उघडू नये. जेवढी सीलबंद तेवढीच परत जाते. चिकटवलेली झडप, बिल आणि पेटीवरचा नंबर या तिन्हींचा एकत्र फोटो काढून त्याच दिवशी लेखी तक्रार पाठवावी.