मे महिन्यात युरोप की लंडन? आधी व्हिसाची फाईल बघा

शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) आणि ब्रिटन, दोन्हीकडे कागद बरेचसे तेच लागतात: बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, कंपनीचं रजेचं पत्र. तपासणाऱ्याची नजर मात्र वेगळी.

शेंगेनला तारखा जुळाव्या लागतात. विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा. पॅरिसचं हॉटेल १२ तारखेला सोडलं आणि स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं १३ पासून, तर मधली रात्र कुठे? एवढ्यावरूनही फाईल अडते. अर्ज जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे. मुक्काम सारखा असेल तर जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे. ‘स्विसचा स्लॉट (अर्ज द्यायची वेळ) नाही, फ्रान्सकडे टाका’ हा एजंटचा सल्ला ऐकू नये. मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये जास्त दिसला की प्रश्न येणारच.

ब्रिटन उलट सांगतं: हॉटेल आणि विमानाची बुकिंग पाठवायची गरज नाही. विमाही सक्तीचा नाही. त्यांना बघायचं असतं पैसा आला कुठून आणि तुम्ही परत का याल. पगार ८० हजार, अर्जाआधी आठवडाभर खात्यात एकदम पाच लाख आणि खुलासा काहीच नाही, तर नकार ओढवून घेतल्यासारखंच. एफडी मोडली असेल तर पावती लावा, वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि स्टेटमेंट. सातबारा जोडायचा तर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. खाली अचूकतेची हमी, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क. पासपोर्टवर माहेरचं आणि बँकेत सासरचं नाव असेल तर दोन्हीकडे विवाह प्रमाणपत्र जोडावं.

खर्चात मुलं असली की शेंगेन स्वस्त. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ब्रिटनची सहा महिन्यांची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली, तान्ह्या बाळालाही तेवढीच. पण त्यात सहा महिने कितीही वेळा जाता येतं. शेंगेनला पहिल्या वेळी बहुधा सहलीपुरतेच दिवस मिळतात, म्हणजे तारीख पुढे गेली की पंचाईत. रजेचं नक्की नसेल आणि मुलं लहान नसतील तर ब्रिटन बरं.

दोन्ही करायचे असतील तर आधी शेंगेन. तो अर्ज सहा महिने आधी चालतो, ब्रिटनचा तीनच महिने, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी अडकतो. मेच्या प्रवासाला शेंगेन जानेवारीत, ब्रिटन मार्चच्या सुरुवातीला. निर्णयाला शेंगेनला १५ दिवस (कधी ४५), ब्रिटनला साधारण तीन आठवडे धरा. मध्ये शेंगेनने नाकारलं तर ब्रिटनच्या अर्जात ते लिहावंच लागतं. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.