बाटली टाकायला लावायची, तपासायची की पिऊन दाखवायला सांगायचं?

विमानतळावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकताना बहुतेकांच्या मनात येतंच, की टाकायला लावण्यापेक्षा तपासून का बघत नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण तपासणीचे प्रकार अनेक आहेत आणि सगळ्यांची किंमत सारखी नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. तपासणीमुळे बंदी उठणार असेल तर ती जरूर हवी. बंदी आहे तशीच आणि वर तपासणीही, असं असेल तर तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही.

द्रवपदार्थांची भीती मुळात खोटी नाही. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात रमझी युसेफ या दहशतवाद्याने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून द्रवरूप स्फोटक नेलं, त्या स्फोटात एक जपानी प्रवासी दगावला. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीला आलेला कट तर थेट शीतपेयांच्या बाटल्यांचाच होता. झाकणाला हात न लावता तळाशी बारीक भोक पाडायचं, आतलं पेय काढून घ्यायचं, सुईने हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण भरायचं आणि भोक बुजवायचं. झाकणाचं सील जसंच्या तसं. अशी बाटली नुसत्या नजरेने कोण ओळखणार?

त्यातूनच हातातल्या बॅगेतली द्रवाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी नको, ही मर्यादा आली. तिच्या बाजूने बोलायचं तर ती स्वस्त आहे, यंत्र लागत नाही आणि जवानाला विचार करावा लागत नाही. पण बाटलीत काय आहे हे ती सांगतच नाही, फक्त आकार मोजते.

‘एक घोट पिऊन दाखवा’ हा सगळ्यात जुना उपाय. हसण्यावारी नेऊ नका. मार्च २००८ मध्ये उरुम्चीहून बीजिंगला निघालेल्या चिनी विमानात शीतपेयाच्या डब्यातून पेट्रोल नेलं गेलं होतं. असला ढोबळ प्रकार घोटाच्या परीक्षेत तिथल्या तिथे उघडा पडेल. पण मरायलाच निघालेल्या माणसाला एका घोटाचं काय? आणि तान्ह्या बाळाच्या दुधाचा घोट आईने घ्यायचा म्हणजे उरलेलं दूध उष्टं.

आता ज्या तपासणीवरून खरा वाद होतो ती. अमेरिकेत सुरक्षा तपासणी पार करून आत गेल्यावर, आतल्याच दुकानातून घेतलेल्या कॉफीची विमानाच्या दाराशी कधीकधी पुन्हा तपासणी होते. कर्मचारी झाकण उघडायला सांगतो, कागदाची छोटी पट्टी कपावर धरतो. पट्टी पेयात बुडवत नाहीत, वाफेवर धरतात. मग तिच्यावर रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघतात. २०१२ मध्ये यावरून तिथे बराच गदारोळ झाला होता.

या तपासणीच्या बाजूचा मुद्दा दुबळा नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्याच माणसांनी बनावट स्फोटकं आणि शस्त्रं घेऊन घेतलेल्या ७० चाचण्यांपैकी ६७ वेळा सुरक्षारक्षकांना काही सापडलं नाही, असं बाहेर आलं. पहिली चाळणीच इतकी फाटकी असेल तर दुसरी हवी, हे कुणालाही पटेल. पण दुसरी चाळणी कुठे लावायची? ऑक्टोबर २०१५ मध्ये इजिप्तच्या सिनाई भागात रशियन विमान कोसळून २२४ माणसं गेली. त्यानंतर इसिस या दहशतवादी संघटनेने बॉम्ब म्हणून शीतपेयाच्या डब्याचाच फोटो छापला, आणि संशय गेला तो विमान जिथून उडालं त्या शर्म अल-शेखच्या विमानतळावर आतून झालेल्या मदतीवर. २०१६ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानातला बॉम्ब तर विमानतळावरच्याच माणसांनी तपासणीनंतर प्रवाशाच्या हातात दिल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. आतला धोका कर्मचारी आणि मालाच्या गाड्यांच्या वाटेने येतो. तिकडे लक्ष कमी ठेवून रांगेतल्या आजोबांचा चहा हुंगत बसणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून खिडकीला दोन कड्या घालणं. माणसं आणि वेळ मोजकाच असेल, आणि तो मोजकाच असतो, तर मी तो तिकडे लावीन.

उरली यंत्रं, आणि इथे माझा कल स्पष्ट आहे. एका प्रकारात बंद बाटली छोट्या कप्प्यात ठेवतात. लेझरचा झोत बाटलीवर पडतो आणि परत आलेला प्रकाश दोन ठिकाणांहून टिपून त्यातून बाटलीच्या प्लास्टिकचा भाग वजा करतात. राहतो तो आतल्या द्रवाचा ठसा. निकाल काही सेकंदांत, झाकण न उघडता. पाया आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या परिणामाचाच. औषधं, बाळाचं दूध, ड्यूटी-फ्रीची बाटली यांच्यासाठी हे उत्तम. अडचण एकच, धातूतून लेझर आरपार जात नाही. म्हणजे आपली लाडकी स्टीलची बाटली इथे नापास.

दुसरा प्रकार सीटी स्कॅनरचा. अख्खी बॅग सगळ्या बाजूंनी दिसते, आतल्या वस्तूंची घनता कळते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विमानतळाने जुलै २०२५ मध्ये याच यंत्रांच्या भरवशावर १०० मिलीची अट काढून दोन लिटरपर्यंत मुभा दिली. यंत्रं महाग आणि जड, बसवायला जुन्या इमारतींत तोडफोड करावी लागते. शिवाय गोष्टी उलटतातही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२४ पासून अशा काही यंत्रांवरची सवलत तात्पुरती मागे घेतली होती.

तुम्ही मुंबईहून मुलांकडे निघाला असाल तर यातला कुठला नियम लागू, हे तुम्ही कुठून चढता त्यावर ठरतं, कुठे उतरता त्यावर नाही. वाटेत विमान बदलून पुन्हा तपासणी होणार असेल तर तिथला नियम वेगळा. एडिंबराहून दोन लिटर घेऊन निघालेला माणूस पुढच्या विमानतळावर १०० मिलीच्या रांगेत उभा राहू शकतो. बाटली रिकामी न्या आणि आत गेल्यावर भरा. बाळाचं दूध आणि पातळ औषधं बॅगेत वरच ठेवा, जवानाने विचारायच्या आधी स्वतःच दाखवा. लोणचं आणि तूप चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.