९८ चा हिरवा गोल आणि माझे १,२५,२४० रुपये

हिशेब आधी मांडते. वेबसाइटचा वेग वाढवून देण्याचे ६८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२,२४० आणि दिवाळीच्या जाहिरातींसाठी घेतलेले ४५,०००. एकूण १,२५,२४०. सगळे माझ्या खात्यातून, मी स्वतःच्या हाताने पाठवलेले. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात आमचा दिवाळी फराळाचा गृहउद्योग आहे. सीझनला अकरा बायका कामाला असतात. २०१९ मध्ये स्वतःची वेबसाइट केली आणि २०२३ च्या दिवाळीत तिच्यावरून ४१२ ऑर्डरी आल्या. पुणे, ठाणे, बंगळूर, काही दुबईच्यासुद्धा. म्हणजे हा धंदा मला नवा नव्हता. मी बी.कॉम. आहे, हिशेब स्वतः लिहिते, कुणाच्या गोड बोलण्यावर पैसे सोडणारी नाही. तरी फसले, कारण मला जे दाखवलं त्यातलं पहिलं निम्मं खरं होतं.

जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका एजन्सीतून फोन आला. "ताई, तुमची साइट मोबाइलवर नऊ सेकंदांनी उघडते. स्कोअर ३१ आहे. गिऱ्हाईक थांबतं का एवढं?" मी त्यांच्या लिंकवर गेले नाही. साइटचा वेग मोजून शंभरपैकी गुण देणाऱ्या गूगलच्या पेजस्पीडच्या पानावर स्वतः जाऊन आमचा पत्ता टाकला. ३१ च आले, लाल गोलात. मग माणसाने विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? तीन ठिकाणचे भाव घेतले, त्यात हे मधले होते. बोलणं अभ्यासाचं होतं. मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसायला हवं, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद हवा, हा दुसरा निकष गूगलने मार्च २०२४ पासूनच लावलाय, असं सगळं सांगितलं. तेही खरंच आहे, मी नंतर तपासलं. खोटं काम करणाऱ्याला खरी माहिती नसते, हा माझा समज तिथेच मोडला.

अर्धे पैसे, ४०,१२० रुपये, आधी दिले. "साइट नव्या सर्व्हरवर न्यायची आहे" म्हणून डोमेनच्या, म्हणजे साइटचं नाव-पत्ता ज्यात नोंदलेला असतो त्या खात्याचा पासवर्ड मागितला. दिला. इथेच थांबून सांगते: डोमेनचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. कामाला लागते ती नोंद तुम्ही स्वतः बसून बदला. फोनवर सांगतील तसं केलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

६ सप्टेंबर, गणपतीचा आदला दिवस. घरात मखराची गडबड, मोदकांच्या नारळाचं खवणं चाललेलं. दुपारी त्यांनी व्हिडिओ कॉलवर काम दाखवलं. नवं डिझाइन देखणं होतं, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. वर पणत्या हलताहेत, कढईत चकली सुटते आहे असा व्हिडिओ, खाली फोटो सरकताहेत. मग त्यांनी गूगलची तपासणी लावली. हिरवा गोल. ९८.

त्या गोलाखाली फोनच्या आकाराचं एक छोटं चित्र असतं. तपासणी करणाऱ्या यंत्राला तुमचं पान कसं दिसलं, त्याचं ते चित्र. त्यात आमचं नाव होतं आणि खाली कोरी पिवळसर जागा. चकली नाही, पणत्या नाहीत, "ऑर्डर करा" हे बटणसुद्धा नाही. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण मी विचारलं होतं, "यात फोटो का नाहीत?"

"ताई, तो फक्त टेस्टचा स्नॅपशॉट असतो. फोटो मागाहून लोड होतात. हेच तर टेक्निक आहे."

आणि मी गप्प बसले. त्या एका वाक्यावर. फोटो मागाहून येत असतील, पण बटण कुठे गेलं, हा पुढचा प्रश्न ओठांवर होता. आतून सासूबाई हाक मारत होत्या, समोरचा मुलगा आदबीने बोलत होता आणि आपण फार विचारलं तर अडाणी दिसू, असं वाटलं. चार वाजून वीस मिनिटांनी उरलेले ४०,१२० पाठवले. मेसेज अजून फोनमध्ये आहे. ते चित्रही आहे. शंभर वेळा मोठं करून पाहिलं असेल.

त्याच संध्याकाळी पॅकिंगच्या एका बाईंनी त्यांच्या फोनवर साइट उघडली. पडदा पांढरा तो पांढराच. "ताई, माझा फोनच जुना आहे," म्हणत त्यांनी तो ठेवून दिला आणि मी मान डोलावली. आमचं अर्धं गिऱ्हाईक तसेच फोन वापरतं, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या फोनवर घरच्या वायफायवर साइट झटकन उघडत होती, कारण ती मी दिवसातून वीसदा उघडलेली. तपासायचं तर दुसऱ्याच्या स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून तपासा.

२० सप्टेंबरला जाहिरातींचे ४५,००० घेतले. त्यांच्याच जाहिरात खात्यातून चालवणार म्हणाले. आठवड्याला एक एक्सेल यायची, शेवटी त्यात ११,८०० क्लिक झाले. ऑर्डरी मात्र येत नव्हत्या. "दसऱ्यानंतर उचल घेईल." दसरा झाला. "लोक वसुबारसेला ऑर्डर करतात." फराळ वसुबारसेला मागवून पोचणार कधी, एवढा विचार त्या मुलाने केला नसेल, पण मी तरी करायला हवा होता. दिवाळी सरली तेव्हा साइटवरच्या ऑर्डरी मोजल्या: ९७. व्हॉट्सॲपवरचं जुनं गिऱ्हाईक नसतं तर बायकांची मजुरी घरातून द्यावी लागली असती.

पुण्यात वेबसाइटचंच काम करणारा माझा भाचा भाऊबीजेला आला. तो लॅपटॉप घेऊन बसला आणि अर्ध्या तासात म्हणाला, "मावशी, हे बघ." गूगलची ती तपासणी एका ठरावीक मध्यम फोनचं सोंग घेऊन साइटवर येते, मोटो जी पॉवर असं त्याचं नाव. त्याने आपल्या ब्राउझरला तेच नाव घ्यायला लावलं आणि आमची साइट क्षणात उघडली. फोटोशिवाय, कार्टशिवाय. नाव काढलं, मोबाइलचं नेट लावलं, तर मुख्य चित्र यायला चौदा सेकंद. पानाचं वजन १७ एमबी, त्यात तो चकलीचा व्हिडिओ एकटा १४. आधीच्या नऊ सेकंदांचे यांनी चौदा केले होते आणि परीक्षक आला की दाखवायला वेगळं पान ठेवलं होतं. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून एका दिवसापुरती रंगवलेली भिंत.

गूगलच्या त्या तपासणीच्या पानावर सगळ्यात वर, खऱ्या माणसांच्या फोनवर मागच्या २८ दिवसांत साइट कशी चालली, याची जागा असते. गर्दी कमी असलेल्या साइटला तिथे आकडे येत नाहीत, आम्हालाही नव्हते. तुमच्या साइटला येत असतील तर तेच बघा, खालचा गोल नंतर.

जाहिरातींचं आणखी वाईट. कुणीही उघडू शकेल असं गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे. तिथे आमच्या साइटचा पत्ता टाकला. एकही जाहिरात निघाली नाही. जाहिरातीचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डवर हवं आणि एजन्सीला फक्त प्रवेश द्यायचा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! त्यांच्या बिलावरचा जीएसटीचा नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी मार्च २०२४ मध्येच रद्द. म्हणजे ते १२,२४० रुपये सरकारकडे गेलेच नाहीत. बिल हातात आल्या आल्या हा नंबर तपासायला एक मिनिट लागतं. मी चार महिन्यांनी तपासला.

पोलिस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर बसवून विचारलं, "वेबसाइट चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" मी चौदा सेकंदांचं सांगितलं तर शेजारचे हवालदार हसले. नंतर, "हा दिवाणी वाद आहे, वकील करा." मग, "कंपनी पुण्याची, पुण्याला जा." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे आणि गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवून पुढे पाठवता येतो, हे मी छापून नेलं होतं. कागद न वाचता परत दिला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. ह्यांनी आवाज चढवला तेव्हा शिक्का सापडला. त्याला आता आठ महिने झाले, एक फोन नाही. पुण्याच्या ठाण्यात गेलो तर तिथे म्हणाले, "तुमच्या गावाहून कागद आले की बघू." बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. डोमेन कंपनीने सांगितलं, खातं ज्यांच्या नावावर त्यांनीच विनंती करायची. प्रत्येकाच्या खिडकीतून पाहिलं तर माझ्यावर अन्याय झालेलाच नाही! १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, पहिल्या काही तासांत. माझ्यासारखं दोन महिने ९८ आकडा बघत बसल्यावर रक्कम अडवायला कुठे उरते?

डोमेनचं सांगायचं राहिलं. पासवर्ड दिला त्याच आठवड्यात त्यांनी ते आपल्या खात्यात वळवून घेतलं होतं. डिसेंबरमध्ये मी परत मागितलं तर "रिलीज चार्जेस" ३६,००० मागितले. ते मी दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका, एकदा दिले की दुसरा आकडा येतो. आज रात्री एवढं करा: तुमच्या साइटचं डोमेन ज्या खात्यात आहे त्यात स्वतः लॉगिन करून बघा. जमलं नाही तर ते तुमचं नाही.

नवं नाव घेतलं, साइट भाच्याने साधी करून दिली, व्हिडिओ नाही, प्रत्येक पदार्थाचा एक फोटो. पण ११ रुपये नगाने छापून घेतलेल्या ४,००० खोक्यांवर जुनाच पत्ता आहे. खोकी टाकवत नाहीत. १ रुपया ६० पैशांना एक, असे ६,४०० रुपयांचे स्टिकर आणलेत आणि रोज दुपारी आम्ही ते जुन्या पत्त्यावर चिकटवतो आहोत. कालपर्यंत १,१५० झाले.