स्मरणशक्तीसाठी नेमकं काय विकत घ्यावं? कॅप्सूल, अ‍ॅप, बीपीचं मशीन आणि कानाचं मशीन

स्मृतिभ्रंश कशाने टळेल असं विचारलं की लोकांचं पहिलं उत्तर शब्दकोडी, दुसरं एखादी गोळी. रक्तदाबाचं नाव क्वचित निघतं, कानाचं तर जवळपास नाहीच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले. ते सगळे दूर झाले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश) टळेल किंवा लांबेल, असा अंदाज मांडला. त्यात सर्वांत मोठा वाटा ऐकू कमी येणं आणि एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांचा, प्रत्येकी ७ टक्के. (हे आकडे अख्ख्या लोकसंख्येचे. एकट्या माणसाचा धोका त्यातून काढता येत नाही.) ‘मेंदूसाठी’ म्हणून घरात येणाऱ्या वस्तू या कसोटीवर पाहिल्या तर खरेदीचा क्रम पार उलटा होतो.

जिंकगो या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर मोठी चाचणी झाली. काहींना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम जिंकगो, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, असं सुमारे सहा वर्षं चाललं. २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शियाच्या प्रमाणात फरक नाही. वर वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. बी-१२ची गोष्ट वेगळी. त्याच्या कमतरतेने खरोखर विसरायला होतं आणि ती वेळेत भरून काढली तर सुधारणाही होऊ शकते. पण आधी रक्ततपासणी, मग गोळी. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये.

मेंदूच्या खेळांची अ‍ॅप. खेळाचे गुण वाढतात ते त्या खेळाचा सराव होतो म्हणून. चष्मा कुठे ठेवला ते आठवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ‘लुमॉसिटी’ने आपल्या खेळांनी म्हातारपणची विस्मृती लांबते असे दावे केले होते. त्यांना पुरेसा आधार नसल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) तडजोड करून कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. मजा येत असेल तर जरूर खेळा, पण त्यापायी चालायला जाणं बुडत असेल तर सौदा तोट्याचा.

बीपीचं मशीन ‘मेंदूसाठी’ म्हणून कुणी आणत नाही, तरी आमच्या मते पहिली खरेदी हीच. रक्तदाबावरच्या ९,३६१ जणांच्या चाचणीचा मेंदूविषयीचा निकाल २०१९ मध्ये आला. वरचा आकडा १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवलेल्या गटात स्मृतीची सौम्य घसरण कमी जणांना झाली. डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, कदाचित उपचार ठरल्यापेक्षा लवकर थांबवल्यामुळे. त्यामुळे १२०चं लक्ष्य आपल्या मनाने ठरवायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. खरी मेख दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यात असते. दंडाचा मधला घेर टेपने मोजा. साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो, आणि जाड दंडाला तो लावला की आकडा खोटाच चढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको, आणि लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घालता, दंड छातीच्या पातळीला ठेवून बसा. गप्प बसा, बोललं तरी आकडा वर जातो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी आली तर दाखवायला हवं. नाडी अनियमित असेल तर मशीन फसतं.

उरलं कानाचं मशीन. यावर पुरावा सरळ नाही, हेही सांगायला हवं. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांच्या, २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर यंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या बुद्धीच्या घसरणीत एकूण फरक दिसला नाही. ज्यांचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र डिमेन्शिया थांबवतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ऐकू येत नाही म्हणून गप्पांतून उठून जाणाऱ्या माणसाला ते परत बसवतं, आणि एकटेपणा हाही त्या १४ धोक्यांतलाच आहे.

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ पुसट होतात, म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार येते. अशा वेळी नुसता आवाज मोठा करणारं स्वस्त यंत्र उपयोगाचं नाही. ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढून प्रत्येक फ्रीक्वेन्सीला वेगळी वाढ बसवावी लागते. कानाच्या आत बारीक नळी ठेवून, प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजून देतात का, हे दुकानात विचाराच. ते न करणाऱ्यांकडून घेऊ नये. दोन्ही कान गेलेले असताना एकच यंत्र घेणं ही चुकीची काटकसर.

पहिले काही आठवडे भांड्यांचा, कागदाचा आवाजही अंगावर येतो, आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जातं ते इथेच. यंत्रातल्या झिंक-एअर सेलचं (हवा लागली की चालू होणारा सेल) स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. एकदा स्टिकर निघालं की सेल वापरा न वापरा, उतरतोच. आवाज अचानक मंदावला तर बहुतेकदा मळ अडवणारी जाळी तुंबलेली असते, यंत्र बिघडलेलं नसतं.

बरीचशी यंत्रं रोज किती तास वापरलं याची नोंद ठेवतात. पुढच्या भेटीत ती काढून बघायला सांगा. आठ-दहा तासांऐवजी एक तास दिसला तर यंत्र वापरणाऱ्या माणसाला ओरडण्याआधी तीन गोष्टी विचारा. टोचतंय का? शिट्टी वाजते का? ती बहुधा सैल डोममुळे (यंत्राचं कानात बसणारं मऊ टोक) किंवा कानातल्या मळामुळे वाजते. की स्वतःचाच आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो? शेवटची तक्रार असेल तर भोकं असलेला उघडा डोम लावून बघावा.