डार्कटेबल: मुंडावळ्यांच्या मोत्यांवरचा जांभळा काढताना

"ओ, मोती पांढरेच आणले होते की. हे जांभळे कशाला दिसायलेत?" नवरीच्या आत्यानं अल्बमचं पहिलंच पान उघडून विचारलं. बारा बाय छत्तीसचा अल्बम. मोबाइलवर जी किनार कुणाच्या लक्षात येत नाही, ती त्या कागदावर मोत्यामोत्याला दिसते. चूक माझीच. बेळगावजवळच्या खानापुरातल्या कार्यालयात अंधार, व्हिडिओवाल्याचा एलईडी नवरीच्या मागून येणारा, आणि मी ५० एमएमची लेन्स १.८ अ‍ॅपर्चरवर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक सताड उघडं टाकून, मंगलाष्टका संपेपर्यंत मारत सुटलो होतो.

त्यानंतर फोटो सुधारायचं डार्कटेबल उतरवून घेतलं. पैसे लागत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. दोन लगीनसराया त्यावर काढल्या, म्हणून आता लिहितोय. तेही फक्त या रंगीत किनारीपुरतं. बाकी एडिटिंगबद्दल लिहायला बसलो तर अल्बम रखडतील.

पहिल्या आठवड्यात मी फार गोंधळलो, कारण यात जवळजवळ एकाच नावाची दोन मॉड्यूलं, म्हणजे अवजारं, आहेत: 'रॉ क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स' आणि नुसतं 'क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स'. लेन्समुळं रंग फाकून किनार दिसते, तिचंच हे इंग्रजी नाव. कोणतं कशाला ते कळेपर्यंत दोन्ही लावून बघायचो. खरं तर रोग दोन आहेत.

पहिला मला हलशीला भेटला. प्री-वेडिंगला भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर जोडी उभी केली, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८ एमएमवर. मधोमध जोडी स्वच्छ, पण कोपऱ्यात आभाळावर उमटलेल्या दगडी कडेला एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं निळसर रेघ. लेन्स प्रत्येक रंगाची प्रतिमा किंचित वेगळ्या आकाराची पाडते, म्हणून मध्यावर काही नसतं आणि कडेकडे जाईल तसं वाढत जातं. अ‍ॅपर्चर ८ वर नेलं तरी हटत नाही. याला 'रॉ'वालं मॉड्यूल. एक बटण दाबलं की ते फोटो बघून स्वतःच हिशेब करतं, आणि हलशीच्या फोटोत दोन्ही रेघा गेल्या. नावाप्रमाणे फाइल मात्र रॉच, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची, पाहिजे, जेपीईजीवर ते चालत नाही. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरच्या फाइलींनाही नाही. आपली लेन्स डार्कटेबलच्या यादीत असेल तर 'लेन्स करेक्शन' या मॉड्यूलमधूनही हे काम होतं.

मुंडावळ्यांचा रोग दुसरा. तिथं सगळे रंग एकाच अंतरावर फोकस होत नाहीत. फोकसच्या अलीकडं जांभळट झाक, पलीकडं हिरवट, आणि तीही फोटोच्या मधोमध सुद्धा. अ‍ॅपर्चर २.८ किंवा ४ वर आणलं की कमी होते. याला नुसतं 'क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन्स', जे २०२१ च्या ३.६ आवृत्तीपासून आलं. एका रंगाला, सहसा हिरव्याला, वाटाड्या धरून लाल आणि निळ्याला त्याच्या मागून चालवतं. मी रेडियस (आजूबाजूचा किती भाग हिशेबात धरायचा तो आकडा) आधी किनार जाईपर्यंत वाढवतो, मग परत येत नाही तिथपर्यंत कमी करत आणतो. मोती शंभर टक्क्यांवर बघायचे, पडद्यावर मावणाऱ्या आकारात काहीच कळत नाही.

आता माझी फजिती. मोती पांढरे झाले म्हणून खुशीत तीच सेटिंग अख्ख्या लग्नाला चिकटवली. नवरीचा शालू शहापूरच्या खडेबाजारातला, काठ जांभळा, त्यावर जरीच्या बारीक बुट्ट्या. रेडियस मोठा होता, त्यामुळं बुट्ट्यांचा आणि काठाचा रंग एकमेकांत मिसळून दोन्ही मळकट झाले. बिचाऱ्या मॉड्यूलला दोष कसा देणार? बारीक जांभळी रेघ खोट असते की विणकराची कारागिरी, हे त्याला कोण सांगणार? तेव्हापासून मास्क आखतो. ब्रशनं फक्त कपाळ आणि मुंडावळ्या रंगवायच्या, बदल तेवढ्याच भागात. प्रत्येक क्लोजअपला दोनतीन मिनिटं जातात, पण काठ शाबूत राहतो. आमच्याकडं जांभळा, वांगी, मोरपंखी नसलेलं लग्न मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळं किनार घालवणारं कुठलंही साधन सरसकट लावू नका.

एक गोष्ट याला जमत नाही. एलईडीच्या जास्त उजेडानं मोती फोटोत पार जळून पांढराफट्ट झाला असेल तर जांभळा जातो, पण कडेला राखाडी कड उरते. जळलेल्या जागी मूळ रंगाची माहितीच शिल्लक नसते.

माझ्या आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर स्लायडर ओढला की जरा थांबावं लागतं. शिकायला वेळही लागतो. हौशी माणसानं दोनचार फोटोंसाठी एवढा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. अल्बम छापून देणाऱ्यानं मात्र करावा. मला पाचातले चार गुण द्यावेसे वाटतात. एक त्या जुळ्या नावांपायी कापला.

आत्याबाईंना ते पान माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिलं. हल्ली मंगलाष्टकांना अ‍ॅपर्चर २.८ वर ठेवतो आणि व्हिडिओवाल्याला दिवा जरा बाजूला घे म्हणतो. तो ऐकत नाही.