ग्रेट सर्कल मॅपर: अंतरासाठी बिनधास्त वापरा, वेळेचा हिशेब वेगळा

दोन लांबच्या शहरांमधलं हवाई अंतर सांगणाऱ्या साइट्स चिक्कार आहेत. नावं टाकली की किलोमीटर आणि प्रवासाचे तास दोन्ही हजर. मी शाळेत भूगोल शिकवते. नुसत्या आकड्यावर माझं भागत नाही, तो आला कुठून हे मुलांना दाखवता आलं पाहिजे. म्हणून मी ग्रेट सर्कल मॅपर ही साइट वापरते. ग्रेट सर्कलचा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग.

इथे विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे, मध्ये छोटी रेघ द्यायची. लंडन हीथ्रो ते टोकियो हानेदा असं टाकलं की अंतर येतं सुमारे ९,६०० किलोमीटर (आधी मैलांत दिसतं, एकक बदलून घ्या). पण बघायचा तो नकाशा! रेषा लंडनहून ईशान्येला निघते, स्कँडिनेव्हियावरून सायबेरियात शिरते आणि मग जपानकडे उतरते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हा उगाचचा वळसा वाटतो. मी पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा धरायला लावते. ढिला असला की तो कुठेही लोळतो, ताणला की आपसूक उत्तरेकडे सरकतो. त्यानंतर पडद्यावरची रेषा कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

तासांचं मात्र तसं नाही. झटपट उत्तर देणाऱ्या बहुतेक साइट्स अंतराला ताशी ८००-९०० किलोमीटरने भागतात आणि विमानाच्या चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालतात. त्या हिशेबाने लंडन-टोकियो अकरा-बारा तासांचं. पूर्वी ते जुळायचंही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यापासून ब्रिटिश आणि जपानी विमानं रशियावरून जात नाहीत, वळसा घालून जातात आणि चौदा तासांच्या आसपास घेतात. शीतयुद्धाच्या काळातही सोव्हिएत आकाश टाळायला अनेक विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जायची. मॅपरमध्ये मधे अँकरेजचा कोड घाला, अंतर पावणेतेरा हजार किलोमीटरवर जातं. राजकारणाने वाढवलेलं अंतर असं समोर मोजून दाखवता येतं, हे मला या साइटचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

झटपट साइट्सच्या तासांत वाऱ्याचाही हिशेब सहसा नसतो. न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास, परतताना आठ, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक जम्बो जेट पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. अंतर तेच, साडेपाच हजार किलोमीटर!

तेव्हा तिकीट काढायचं असेल तर तास वेळापत्रकातूनच घ्या. त्यात धावपट्टीपर्यंत जायचा वेळही धरलेला असतो. सुटायची आणि पोचायची वेळ आपापल्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते, तो फरक तेवढा हिशेबात धरा. अंतर आणि मार्ग बघायला मॅपर, पाचपैकी पाच.