कांडिन्स्कीची फ्रेम केलेली प्रिंट, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

फेब्रुवारीत हॉलसाठी रशियन चित्रकार कांडिन्स्कीच्या ‘सेव्हरल सर्कल्स’ची २४ बाय २४ इंची प्रिंट फ्रेमसकट ऑनलाइन मागवली, आता तिच्यावरून नाशिकचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेलेत म्हणून लिहितोय.

चित्र १९२६ चं, तेव्हा तो जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत शिकवायचा. मूळ कॅनव्हास न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात, साधारण १४० सेंटीमीटर बाजूचा, जवळपास चौरस. हे आधी बघाच, कारण बरेच जण हेच चित्र १८ बाय २४ मध्ये विकतात, म्हणजे एकतर कडेची वर्तुळं कापलेली नाहीतर अख्खं चित्र ताणलेलं. माझी आल्या आल्या मी मोठ्या निळ्या वर्तुळावर पट्टी आडवी-उभी लावून बघितली, बरोबर गोल निघालं.

प्रिंट एक नंबर. कॉटन पेपर, पिगमेंट इंक (रंगकणांची शाई). निळ्याभोवतीचं धूसर वलय, वर्तुळावर वर्तुळ आलं की बदलणारा रंग, सगळं उतरलंय, आणि मागचा काळा नुसता डांबरासारखा सपाट नाही, त्यात राखाडी ढग दिसतात. रोज बघूनही कंटाळा येत नाही, खरंच.

फ्रेमिंग मात्र बेकार. पुढे चकचकीत अॅक्रिलिक, चित्र गडद, त्यामुळे दुपारनंतर चित्राऐवजी समोरची बाल्कनीच दिसायची. आणि जुलैत कागदाला लाटा आल्या. रविवार कारंज्याजवळच्या फ्रेमवाल्या काकांकडे नेली, त्यांनी मागचा एमडीएफ उघडला तर प्रिंट चारही कडांनी डबल टेपने चिकटवलेली! दमट हवेत कागद फुगतो, त्याला सरकायला जागाच नाही, मग लाटा येणारच ना. काकांनी टेप इतक्या हळुवार सोडवली, मानलं त्यांना. आता प्रिंट वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांवर लटकतेय, भोवती अॅसिड-फ्री माउंट (कागद पिवळा न पाडणारी जाड पुठ्ठ्याची चौकट), मागून टेपने सील, आणि खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं, कारण भिंत बाहेरच्या बाजूची, पावसात ओल धरते, मागे हवा खेळायला हवी.

काचेचं म्हणाल तर मॅट काच घेऊ नका. माउंटमुळे काच कागदापासून थोडी लांब राहते, तेवढ्यानेच बारीक वर्तुळांच्या कडा पुसट दिसतात. मी अँटी-रिफ्लेक्टिव्ह (प्रतिबिंब कमी करणाऱ्या) कोटिंगवाली बसवली, महाग पडली पण गडद चित्राला तीच पाहिजे. वरचा दिवा पिवळट होता, त्यात निळा मळकट दिसायचा, तोही पांढरा केला.

परत घ्यायची झाली तर नुसती प्रिंट नळीत गुंडाळून मागवेन आणि फ्रेम इथेच करेन. कांडिन्स्की १९४४ ला गेला, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे त्याच्या प्रिंट कोणीही काढतं, पैसे फक्त कागद-शाईच्या दर्जाचे द्यायचे. मला पुढची आपले चित्रकार वासुदेव गायतोंडेंची हवीय, पण ते २००१ ला गेले, म्हणजे हक्क अजून चालू आहेत. रीतसर परवानगीची प्रिंट कुठे मिळते माहीत असेल तर प्लीज सांगा.